रोमविरुद्धचा पोवाडा

नेदरलँड्समधील गेल्डरलँड प्रांतात आर्नहेम नावाचे शहर आहे. तेथे २००२ साली 'हाइडेफोल्क' हा वाद्यवृंद स्थापन झाला. नावाचा अर्थ 'माळरानाची माणसे'. विद्युत् गिटार आणि दणदणीत तालवाद्ये यांवर उभ्या असलेल्या ज्या पाश्चात्त्य संगीतास 'मेटल' म्हणतात, त्यात लोकगीतांच्या चाली व पुराणकथा मिसळणारा एक पंथ युरोपात रूढ झाला आहे. हा वृंद त्याच पंथातला. असल्या कर्कश संगीताशी मराठी रसिकाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि आमच्यासारख्या जयपुरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास तो अंमळ अडचणीचाही आहे.

प्रथम गायनाविषयी. या पंथातले पुष्कळसे गायक घशातून गुरगुरतात. शब्द कळावेत अशी त्यांची फारशी अपेक्षा नसते. हाइडेफोल्कचा विशेष हा, की त्यांचे दोन मुख्य गायक खर्जातल्या मोकळ्या आवाजात बहुधा एकत्र गातात. हे ऐकताना आम्हांस शाहीर आणि त्याचे झीलकरी आठवले. एकट्याच्या शौर्याची गोष्ट अनेकांच्या कंठांतून आली म्हणजे ती सगळ्या गावाची होते. पोवाड्यातल्या झीलेचे कार्य हेच. डफ-तुणतुण्याची जागा तेथे गिटार व व्हायोलिन घेतात, एवढेच.

परंतु साम्य येथे संपते. तुळशीदासाच्या सिंहगडच्या पोवाड्यात लढाईइतकेच महत्त्व रायबाच्या लग्नाला आहे. घरचे कार्य टाकून तानाजी निघतो, म्हणून त्याचे मरण आपणांस लागते. हाइडेफोल्कला ही उसंत नाही. त्यांच्या पुष्कळ गीतांत माणूस एकदम तलवार उपसूनच उभा राहतो; त्याच्या घरी कोण आहे, कार्य कोणाचे अडले आहे, हे कळतच नाही. तलवार, मद्याचा पेला, वल्हाला आणि पुन्हा तलवार! २००८ च्या 'वाल्हाला वाख्त' या संग्रहात हा दोष विशेष जाणवतो.

२०१२ साली आलेला 'बटावी' हा संग्रह मात्र वेगळ्या योग्यतेचा आहे. ऱ्हाइन नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या बटावी जमातीने इसवी सन ६९ मध्ये रोमविरुद्ध बंड केले, त्याची ही कथा. बंडाचा पुढारी यूलियस किविलिस. तो कोणी रानटी टोळीवाला नव्हता. रोमच्याच सैन्यात त्याने पंचवीस वर्षे चाकरी केली होती. बटावींचा रोमशी करारच तसा होता: कर द्यावयाचा नाही, माणसे द्यावयाची. पुढे त्यांच्या पलटणी ब्रिटनच्या उत्तर सीमेवर विन्डोलान्डा येथे होत्या; तेथे सापडलेल्या लाकडी पातळ फळ्यांवरच्या पत्रांत एक अधिकारी आपल्या शिपायांसाठी बियर धाडण्याची विनंती करतो. घरापासून दूर नेमणूक झालेल्या सरकारी नोकराचे मन एकोणीस शतकांपूर्वीही असेच होते, हे पाहून आमच्या वाचकांपैकी काहींस समाधान वाटेल. या संग्रहात 'रोमशी करार' अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक गीतच आहे. बंडाच्या कथेत आपल्या चाकरीचा उल्लेख गाळला नाही, ही गोष्ट आम्ही मोठी मानतो.

या बटावींचे पुढे काय झाले, हे संग्रहाच्या कक्षेबाहेरचे असले तरी ऐकणाऱ्याच्या मनाबाहेर राहत नाही. स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डचांनी त्यांस आपले पूर्वज मानले. ॲम्स्टरडॅमच्या नगरगृहासाठी रेम्ब्रांटने १६६१-६२ मध्ये किविलिसच्या कटाचे चित्र काढले. आणि त्याच शतकात, १६१९ मध्ये, जावा बेटावरील जकार्ता जिंकून डचांनी तेथे जे ठाणे वसविले, त्यास नाव दिले 'बटाविया'! साम्राज्याविरुद्ध उठलेल्यांचे नाव साम्राज्याच्या राजधानीला. आमच्या वेंगुर्ल्यास १६३७ साली वखार घालणारी कंपनी तीच.

परंतु डचांस हसण्यापूर्वी जयपूरकडे पाहावे. येथील त्रिपोलिया बाजाराजवळ ईसरलाट नावाचा मनोरा आहे. तो बांधणारा राजा ईश्वरीसिंह याने मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याने गांजून डिसेंबर १७५० मध्ये विष घेऊन प्राण दिला. पुढच्याच महिन्यात शहरात आलेल्या मराठ्यांवर जयपूरचे नागरिक तुटून पडले आणि मोठी कत्तल झाली. पुण्यात पोवाडा ऐकताना आपण बटावी असतो. ईसरलाटेच्या सावलीत तोच पोवाडा ऐकताना आपण रोम होतो. शिवजयंतीस येथे ध्वनिक्षेपकावर डफ कडाडतो तेव्हा शिवाजीमहाराजांविषयी येथील शेजाऱ्यांच्याही मनात आदरच असतो. पण शाहिराने शंभर वर्षे पुढे सरकून अटकेच्या वाटेवरचे पराक्रम आरंभिले, तर त्या वाटेवर कोणाची शेते होती, हा प्रश्न उपस्थित होतो. म्हणून पोवाडे गाऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. पानिपतावरही आपल्या शाहिरांनी पोवाडे रचले आहेत, पराभव गाण्याची छाती त्यांस होती. खंडणी गाण्याचीही असावी, इतकेच.

हाइडेफोल्क सर्वांत निर्मळ वाटतो तो आपल्या भूमीविषयी गाताना. २०१५ च्या 'वेलुआ' या संग्रहात त्यांच्या प्रांतातल्या वेलुवे या वनमाळाच्या दंतकथा आहेत. तेथे शत्रूची गरज फारशी पडत नाही. आरंभीच्या, २००५ च्या, संग्रहात त्यांनी गेल्डरलँडचे प्रांतगीतच आपल्या वाद्यांवर चढविले होते. राजा बढे यांचे, शाहीर साबळे यांच्या आवाजात घरोघर पोचलेले 'गर्जा महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झाले. पण त्यास कोणी असा नवा, रांगडा साज चढविलेला ऐकावयास आम्हांस आवडेल.

भाषेविषयी एक तक्रार. बहुतेक मेटल-वृंद इंग्रजीत गात असता यांनी डच भाषा सोडली नाही, आणि ती न समजणाऱ्या देशांतही लोकांनी त्यांस ऐकले. मग २०१८ च्या संग्रहात काही गीते इंग्रजीत का यावीत? त्या गीतांत अर्थ कळतो. पण दोन कंठांचा तो जड, माळरानाचा उच्चार पातळ होतो. ज्यांस एकच संग्रह ऐकावयाचा आहे, त्यांनी 'बटावी' घ्यावा, आणि त्यातही रोमशी झालेल्या कराराचे गीत प्रथम लावावे.