ऐकणारा रेडिओ

ग्रामीण रेडिओविषयी मराठीत लिहिलेले मी जेवढे वाचले आहे, त्यात आवाजाचे कौतुक फार आहे. निवेदकाची लकब, बोलीचा गोडवा, तिन्हीसांजेला रेडिओभोवती जमलेली माणसे. हे कौतुक खोटे नाही. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक आकाशवाणीच्या पुणे केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांचे काम करत होता; त्या आवाजाला वाङ्मयीन मोल असणारच. पण शेतकऱ्याला रेडिओचा उपयोग झाला तो नेमका कशामुळे, याचे उत्तर त्या आवाजात सापडत नाही, असे माझे मत झाले आहे. ज्या पुस्तकामुळे ते झाले, त्याचे हे वाचन.

जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांचे ‘ॲन इंडियन एक्सपेरिमेंट इन फार्म रेडिओ फोरम्स’ हे पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. माथुर त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक होते. हिंदी वाचक त्यांना ‘कोणार्क’ या नाटकाचे लेखक म्हणून ओळखतात. न्यूराथ समाजशास्त्रज्ञ. पुस्तकाचा विषय आपल्या घरचाच आहे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन झाली. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडाची; तिथे १९४१ पासून अशी मंडळे चालत होती. वीसेक माणसांनी एकत्र बसून ऐकायचे, ऐकलेल्यावर चर्चा करायची, आणि चर्चेचा वृत्तांत व उरलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. कार्यक्रम तोच, निवेदक तेच, बोलीही तीच. फरक पडला तो ऐकून झाल्यावरच्या बोलण्याने आणि आपला प्रश्न पुण्याला पोचणार आहे या भरवशाने. माझ्या मते हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा निष्कर्ष आहे, आणि आपण तोच विसरलो.

पुस्तकात उणिवाही आहेत. पाहणी मुख्यतः मोजते ती माहिती. फेब्रुवारी ते एप्रिल हा रब्बीच्या काढणीचा आणि खरिपाआधीचा काळ. ऐकलेले बियाणे किंवा खत शेतात उतरले की नाही, हे कळायला निदान एक पावसाळा जावा लागतो. दहा आठवड्यांत ते कळणार नाही. दुसरे म्हणजे, मंडळे बव्हंशी पुरुषांची होती. खुरपणी, पेरणी, बियाण्याची राखण ज्यांच्या हातांनी होते, त्या बायकांचे प्रश्न पुण्याला फारसे पोचलेच नसणार. ‘गाव बोलले’ असे म्हणताना गावातले कोण बोलले, हे विचारावेच लागते.

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळे हजारोंनी वाढली आणि पुढे ओसरली. याचे कारण मला प्रयोगाच्या रचनेतच दिसते. एक कार्यक्रम हजार गावांना ऐकवायला जास्त खर्च येत नाही. हजार गावांचे प्रश्न वाचून उत्तरे द्यायची तर माणसे लागतात. विस्तार करताना स्वस्त बाजू वाढते, महाग बाजू गळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १९६०च्या दशकात तंजावरच्या शेतकऱ्यांनी एडीटी-२७ या भाताला ‘रेडिओ भात’ म्हटले, कारण त्याची माहिती त्यांना तिरुचिरापल्ली केंद्रावरून मिळाली. इथे एकतर्फी रेडिओने काम केलेच. पण कोणते वाण लावायचे याचा निर्णय इथे आधीच झालेला होता. तो पोचवायचा होता. तयार उत्तर पोचवायला एकतर्फी रेडिओ पुरतो. शेतकऱ्याची अडचण काय, हेच ठाऊक नसते तेव्हा तो तोकडा पडतो.

न्यायालयाने १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली. २००८ मध्ये तेलंगणातील माचनूर इथे दलित शेतकरी स्त्रियांचा ‘संगम रेडिओ’ सुरू झाला; त्याच वर्षी आपल्याकडे म्हसवडला ‘माणदेशी तरंग’. पुण्याच्या प्रयोगात ज्यांची जागा रिकामी होती, त्या आता माईकपाशी बसल्या. परीघ दहा-पंधरा किलोमीटरचा आणि स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई, या मर्यादा आहेतच. पण दहा किलोमीटरच्या आत प्रश्न विचारणारी आणि उत्तर देणारी एकमेकींना ओळखतात.

आज शेतकऱ्याच्या मोबाईलवर हवामान, बाजारभाव, फवारणीचे सल्ले यांचा पाऊस पडतो. त्या प्रत्येक सेवेला मी १९५६चीच कसोटी लावीन: पिकावर न ओळखता येणारी कीड दिसली, तर शेतकऱ्याने विचारायचे कुठे, आणि त्याला उत्तर कधी मिळणार? ज्या सेवेपाशी याचे उत्तर नाही, ती रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांच्याच रांगेत बसेल.