ऑरेगॉनची वाट : नियम दाखवणारा खेळ आणि नियम झाकणारा खेळ

शिक्षणासाठी केलेल्या संगणक-खेळाचे परीक्षण करायचे, तर तो खेळ आधी सुरू व्हायला हवा. पुस्तकाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे पाठ्यपुस्तक कपाटातून काढावे, धूळ झटकावी, की ते वाचता येते. खेळाचे तसे नाही. ज्या संगणकासाठी आणि ज्या कार्यप्रणालीसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, तो लिहिला गेला, ती मागे पडली की फ्लॉपी हातात असते, पण खेळ हाती नसतो. त्यामुळे जुन्या शैक्षणिक खेळांबद्दल बहुतेक वेळा आठवणीच लिहिल्या जातात. परीक्षण क्वचितच होते.

आम्ही परीक्षणासाठी ‘द ऑरेगॉन ट्रेल’ हा अमेरिकन खेळ निवडला. कारण सरळ आहे. हा खेळ शिक्षकांनी, वर्गासाठी केला आहे. १९७१ साली मिनेसोटा राज्यातील कार्लटन कॉलेजचे डॉन रॅविट्श, बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर हे तिघे मिनियापोलिसच्या शाळांत अध्यापनाचा सराव करत होते. रॅविट्श यांना आठवीच्या मुलांना इतिहास शिकवायचा होता. उरलेले दोघे गणिताचे. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे बैलगाड्या घेऊन मिसुरीहून पश्चिमेला ऑरेगॉनकडे गेली. सुमारे दोन हजार मैलांचा हा प्रवास मुलांना ‘करायला’ लावावा, या कल्पनेतून दोन आठवड्यांत हा खेळ लिहिला गेला. पडदा नव्हताच. टेलिफोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेले टेलिटाइप यंत्र कागदावर प्रश्न छापी आणि मुले उत्तर टंकित करीत.

सत्र संपल्यावर खेळ संगणकावरून पुसून टाकण्यात आला. उरला तो आज्ञावलीचा छापील कागद. रॅविट्श १९७४ साली मिनेसोटा एज्युकेशनल कम्प्यूटिंग कन्सॉर्शियम या सरकारी संस्थेत, म्हणजे ‘मेक’मध्ये, कामाला लागले. त्यांनी तो कागद पाहून सारी आज्ञावली पुन्हा टंकित केली आणि खेळ राज्यभरच्या शाळांना मिळाला. १९७८ साली ‘क्रिएटिव्ह कम्प्यूटिंग’ या मासिकाने ती आज्ञावली जशीच्या तशी छापली. पुढे १९८५ साली ॲपल-२ संगणकासाठी चित्रे, नद्या आणि शिकार असलेली नवी आवृत्ती निघाली आणि १९९० साली तीच धाटणी एमएस-डॉसवर आली.

आमच्यापुढे अशा दोन आवृत्त्या होत्या : १९७८ ची छापील आणि १९९० ची डॉसवरची. दोन्ही एकाच जमिनीवर तपासता याव्यात म्हणून आम्ही डॉस हीच जमीन ठरवली.

आजच्या संगणकावर डॉसची आज्ञावली थेट का चालत नाही, हे थोडक्यात पाहू. डॉसच्या आज्ञावल्या सोळा बिटांच्या प्रक्रियकासाठी लिहिलेल्या असत. नंतरच्या बत्तीस बिटांच्या प्रक्रियकांत त्या जुन्या प्रक्रियकाची नक्कल करण्याची खास सोय ठेवली होती आणि विंडोज ती वापरत असे. प्रक्रियक चौसष्ट बिटांच्या पद्धतीने चालू लागला की ती सोय बंद होते. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये डॉस चालवणारा भाग म्हणूनच ठेवलेला नाही. मार्ग दोन उरतात. एक, खरा जुना संगणक किंवा ‘फ्रीडॉस’. १९९४ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून आलेली ही डॉससारखीच कार्यप्रणाली मोफत मिळते. दुसरा, ‘डॉसबॉक्स’सारखी आज्ञावली. ती जुना संगणकच आजच्या संगणकात उभा करते. तिच्यात प्रक्रियकाचा वेगही कमी-जास्त करता येतो आणि ही सोय चैनीची नाही. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचा ठोका ४.७७ मेगाहर्ट्झ होता. त्या काळच्या कित्येक आज्ञावल्यांनी वेळ मोजण्यासाठी घड्याळ वापरले नाही. प्रक्रियकाचा संथपणाच घड्याळ धरला. वेग वाढला की असा खेळ खेळण्याजोगा राहत नाही.

१९९० ची आवृत्ती या मार्गाने चालते. १९७८ च्या आवृत्तीसाठी कार्यप्रणाली पुरेशी नाही, डॉसवरचा बेसिक भाषेचा दुभाषी, उदाहरणार्थ जीडब्ल्यू-बेसिक, लागतो. येथे खरी गंमत सुरू होते. मूळ आज्ञावली मोठ्या संगणकाच्या बेसिकमध्ये आहे. बेसिक बेसिकच, पण बोली वेगळी. तीन जागा पाहा.

पहिली जागा दैवाची. यादृच्छिक संख्येसाठी मूळ आज्ञावलीत ‘आरएनडी’ या फलापुढील कंसात उणे एक लिहिले आहे. त्या संगणकावर याने दर वेळी नवी संख्या मिळे. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये कंसात ऋण संख्या आली, की दर वेळी तीच संख्या मिळते. ओळ तशीच ठेवली तर खेळ बिनतक्रार सुरू होतो. पण पहिल्या पंधरवड्यात जे संकट येते, तेच शेवटपर्यंत प्रत्येक पंधरवड्यात येत राहते.

दुसरी जागा वेळेची. शिकार करताना खेळ ‘बँग’ किंवा ‘पॉव’ असा शब्द देतो. तो तुम्ही किती झटपट टंकित करता, त्यावर नेम ठरतो. मूळ घड्याळ वेळ तासांच्या अपूर्णांकात देई, म्हणून फरकाला ३६०० ने गुणले आहे. जीडब्ल्यू-बेसिकचे घड्याळ सेकंदच देते. गुणाकार तसाच राहिला तर जगातला चपळात चपळ टंकलेखकही हात हलवत परत येतो.

तिसरी जागा अक्षरांची. टेलिटाइपवर इंग्रजीची फक्त मोठी अक्षरे होती. आता मुलाने तोच शब्द लहान लिपीत लिहिला तर संगणकाला तो वेगळा वाटतो आणि गोळी चुकते.

या तिन्ही ठिकाणी खेळ बंद पडत नाही. तो चालतो आणि चुकीचा चालतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील तराजू हलतो आहे म्हणून तो बरोबर वजन दाखवतो, असे आपण मानत नाही, शून्य तपासतो. जुनी आज्ञावली चालवतानाही तोच शिरस्ता हवा. आणि हा तपास आज्ञावली वाचता येते म्हणूनच शक्य झाला.

आता खेळांकडे वळू. १९९० ची आवृत्ती निर्विवाद देखणी आहे. सुरुवातीला तुम्ही सावकार, सुतार की शेतकरी हे ठरवता. सावकाराजवळ १६०० डॉलर, सुताराजवळ ८००, शेतकऱ्याजवळ ४००. मात्र शेतकरी मुक्कामी पोचला तर त्याचे गुण तिप्पट होतात, सुताराचे दुप्पट. गरिबाची वाट अवघड असते, हे येथे व्याख्यानाशिवाय कळते. नदीची रुंदी आणि खोली समोर दिसते. गाडी पाण्यात घालायची, तरंगवत न्यायची, तरीला पैसे मोजायचे, की थांबायचे, हे मुलाला ठरवावे लागते. हगवणीने घरचे माणूस दगावते, तेव्हा पडद्यासमोर शांतता पसरते. इतिहासाच्या तासाला हे क्वचितच साधते.

तरीही आमचा कौल या आवृत्तीच्या बाजूने नाही. तिचे सारे नियम आत दडलेले आहेत. माणूस का दगावला? वेग जास्त होता, खाणे कमी होते, की केवळ दैव आड आले? मूल पुन्हा पुन्हा खेळून अंदाज बांधते. तो अंदाज पडताळायला मात्र काहीच साधन नाही. शिक्षकाजवळही नाही.

१९७८ च्या आवृत्तीत चित्र नाही, रंग नाही. पण शिक्षकासमोर सगळे उघडे आहे. वाट २०४० मैलांची. दर पंधरवड्याला काटले जाणारे अंतर म्हणजे २०० मैल, अधिक बैलांवरील खर्चातून २२० वजा करून उरलेल्याचा पाचवा भाग, अधिक शून्य ते दहा यांमधील एक यादृच्छिक संख्या. म्हणजे बैलांवर २०० ऐवजी ३०० डॉलर खर्च केले, की पंधरवड्याला २० मैल वाढतात. आठवीतले मूल याचा आलेख काढू शकते. १९७१ साली टेलिटाइपवर बसलेल्या मुलाला हे सूत्र दिसत नव्हते, हे मान्य. पण शिक्षक ते दाखवू शकत होता आणि १९७८ नंतर मासिक वाचणारा कोणीही ते पाहू शकत होता.

संकटांचा तक्ताही तसाच उघडा आहे. दर पंधरवड्याला एक संख्या काढली जाते आणि तिच्यावरून घटना ठरते. शंभरपैकी ६ वेळा गाडी मोडते, ५ वेळा बैल जायबंदी होतो, १० वेळा जोराचा पाऊस, १० वेळा नदीत गाडी बुडते, ३ वेळा लुटारू, २६ वेळा आजारपणाचा प्रसंग आणि त्यातून सुटणे खाण्यावर अवलंबून. रॅविट्श यांनी या प्रसंगांचे प्रमाण प्रत्यक्ष प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून बसवले होते. इतिहासाचा शिक्षक जुन्या कागदांतून संभाव्यता काढतो आणि त्या संगणकात घालतो, ही गोष्ट आम्हाला या खेळात सर्वांत मोलाची वाटते.

आणि याच तक्त्यावर आमचा सर्वांत मोठा आक्षेपही आहे. तक्त्याची शेवटची ओळ पाहा : शंभरपैकी ५ वेळा ‘मदत करणारे इंडियन’ अन्न कोठे आहे ते दाखवतात. ज्यांच्या भूमीवरून ही वाट जात होती, त्या मूळ रहिवाशांना तक्त्यात मिळालेली जागा एवढीच. बाकी वाटेवर कोणाचे घर नाही, शेत नाही, हक्क नाही. याचे कारणही उघड आहे. रोजनिश्या गाडीत बसलेल्यांच्या होत्या. ज्याने नोंद केली त्याला जे दिसले, तेच प्रतिरूपात उतरले. आकडे अचूक असूनही प्रतिरूप एकांगी असू शकते, हे विज्ञानाच्या तासाला समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. २०२१ साली निघालेल्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रहिवाशांमधील इतिहासकारांचा सल्ला घेतला गेला. हे स्वागतार्हच आहे. पण काय दुरुस्त झाले हे कळायचे, तर जुने चालवून पाहता आले पाहिजे. नाहीतर दुरुस्ती दिसते, दोष दिसत नाही.

आपल्याकडे या चर्चेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. अनेक शाळांच्या कपाटांत शैक्षणिक सीडी पडून आहेत. त्यांतील बऱ्याचशा ‘फ्लॅश’वर चालत. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला आणि त्यानंतर असे अनेक धडे मुके झाले. त्यांतले प्रयोग कोणत्या नियमांवर बेतले होते, हे सांगणारा कागद सीडीसोबत मिळत नसे. म्हणून शैक्षणिक आज्ञावली निवडताना ‘मजकूर कसा आहे’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत : हिचे नियम शिक्षकाला वाचता येतात का? आणि हे यंत्र गेले, तर दुसऱ्या यंत्रावर ती पुन्हा उभी करता येईल का? शाळेत कोणी शिक्षक स्वतः एखादा खेळ किंवा तक्ता संगणकावर तयार करत असेल, तर त्याची सूत्रे कागदावर उतरवून शाळेच्या दप्तरी ठेवावीत. १९७१ चा खेळ वाचला तो अशाच एका कागदामुळे.

या कसोटीला १९७८ ची आवृत्ती इतकी उतरते, की तिला संगणकही लागत नाही. शंभर चिठ्ठ्या करा. सहा चिठ्ठ्यांवर ‘गाडी मोडली’, दहांवर ‘गाडी बुडाली’, सव्वीसांवर ‘आजारपण’ असे लिहीत जा आणि डब्यात टाका. मुलांचे गट करून प्रत्येक गटाला दर पंधरवड्याची म्हणून एक, अशा दहा चिठ्ठ्या काढू द्या. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायची. गाडी एकदाही न मोडता किती गट पोचले, ते फळ्यावर मांडा. गणित सांगते, की हे प्रमाण सुमारे ५४ टक्के यावे. मग शेवटच्या पाच चिठ्ठ्या मुलांपुढे ठेवा आणि विचारा : या तक्त्यात कोणाच्या रोजनिश्या नाहीत?