पेज फॉल्टच्या आकृतीत न दिसणारी पायरी

सिल्बरशाट्झ-गॅल्विन यांच्या डायनासोरवाल्या पुस्तकातली पेज फॉल्टची ६ पायऱ्यांची आकृती आपण सगळ्यांनीच वहीत उतरवलेली असते. पान मेमरीत नाही, ट्रॅप, डिस्कवर पान शोधा, आणा, पेज टेबल दुरुस्त करा, सूचना पुन्हा चालवा. परीक्षेला उत्तम. पण तेवढ्यावर कर्नल लिहायला बसलात तर फसाल. इंटरप्ट कधी बंद ठेवायचे आणि कधी चालू करायचे, हे त्या आकृतीत नाही.

एक्स८६ प्रोसेसरवर फॉल्ट झालेला पत्ता सीआर२ या रजिस्टरमध्ये येतो. तो वाचण्याआधीच इंटरप्ट चालू असले तर काय होईल? टायमरचा इंटरप्ट आला, शेड्युलरने दुसरी प्रोसेस आणली, तिलाही फॉल्ट झाला. सीआर२मध्ये आता तिचा पत्ता. पहिली प्रोसेस परत येते आणि भलताच पत्ता वाचते.

माझ्या शिकाऊ कर्नलमध्ये नेमकं हेच झालं. पेज फॉल्टसाठी मी इंटरप्ट गेटऐवजी ट्रॅप गेट लावलं होतं. इंटरप्ट गेट आत शिरतानाच इंटरप्ट बंद करतं, ट्रॅप गेट करत नाही. चूक कधीतरीच दिसायची, प्रिंट टाकलं की गायब!

मग मी दुसऱ्या टोकाला गेले: हँडलर संपेपर्यंत इंटरप्ट बंद. मशीन थिजलंच. पान डिस्कवरून यायचं असेल तर ते आल्याची खबरही इंटरप्टनेच मिळते. म्हणजे दाराला कडी लावून पोस्टमनची वाट बघण्यातला प्रकार.

लिनक्स काय करतं बघा. आधी सीआर२ वाचून ठेवतं. मग फॉल्ट झाला तेव्हा इंटरप्ट चालू होते का, हे साठवलेल्या फ्लॅग्जमधून पाहतं, आणि होते तरच चालू करतं. हा 'तरच' महत्त्वाचा आहे. कर्नलने एखादा लॉक धरताना इंटरप्ट मुद्दाम बंद केलेले असले आणि आपण ते आंधळेपणाने चालू केले, तर इंटरप्ट हँडलर तोच लॉक मागू शकतो. मग डेडलॉक.

पुस्तकावर अन्याय नको. पान येईपर्यंत सीपीयू दुसऱ्या प्रोसेसला द्यावा, हे त्यात पुढे लिहिलेलं आहे. पण आकृतीत एकच प्रोसेस दिसते, आणि आपल्या लक्षात राहते ती आकृतीच.

म्हणून संशोधनाची तयारी करताना एक सवय लावून घ्या. कुठलीही आकृती समोर आली की प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये विचारा: नेमका इथेच इंटरप्ट आला तर? एमएस्सीला हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पडला असता तर ते ट्रॅप गेट लावताना हात थांबला असता.