राखीव गड्याचे टीकाकार

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत, तेथील मोठे संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उबदार प्रांतांत सरावासाठी उतरतात. या सराव सामन्यांची हारजीत पुढे कोणी हिशेबात धरीत नाही. तथापि रसिकांचा एक वर्ग मुद्दाम हेच सामने पाहतो. कारण त्याचा आवडता गडी राखीव असतो, आणि खरा हंगाम सुरू झाला की तो बहुतेक बाकावरच बसणार हे त्यास ठाऊक असते. या रसिकाची मनःस्थिती आम्हां बीडकरांस कोणी समजावून सांगावयास नको. डिसेंबर २००२ पासून मार्च २००३ पर्यंत आम्ही ती पुरेपूर भोगली आहे.

संजय बांगर यांचा जन्म १९७२ साली बीड येथे झाला. पुढे रेल्वेच्या संघाकडून ते सुमारे वीस वर्षे रणजी सामने खेळले. दुष्काळ आणि ऊसतोड यांखेरीज आमच्या जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत क्वचितच येई. त्या काळी कसोटी सामन्याच्या धावफलकात बीडचा माणूस दिसणे ही मोठीच अपूर्वाई होती. आमच्या पक्षपाताचे मूळ वाचकांनी येथेच ओळखावे आणि पुढील मजकुरातून तितकी वजावट करून घ्यावी.

बांगर यांच्याविषयी जे लेखन होते त्याचे दोन प्रकार आम्हांस दिसतात. पहिल्या प्रकारात त्यांचा उल्लेखच नसतो. दुसरा प्रकार अलीकडचा. त्यात त्यांस उपेक्षित वीर ठरवून गळा काढला जातो. पहिल्याचा आम्हांस विषाद वाटतो. परंतु दुसरा आम्हांस अधिक घातक वाटतो, कारण करुणेच्या भरात तो गड्याचा खेळ पाहावयाचाच विसरतो.

ऑगस्ट २००२ मधील हेडिंग्लेचा कसोटी सामना घ्या. मालिकेत भारत एका सामन्याने मागे होता. आभाळ भरून आलेले, हवा दमट, चेंडू शिवणीवर पडून कोणत्याही बाजूस वळावा अशी खेळपट्टी. आणि अशा सकाळी गांगुलींनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. वसीम जाफर यांच्या जागी बांगर सलामीस आले. सेहवाग ८ धावांवर परतले तेव्हा फलकावर १५ धावा होत्या. तेथून द्रविड आणि बांगर यांनी १७० धावांची भागी केली. बांगर यांच्या धावा ६८. पुढे द्रविड १४८, तेंडुलकर १९३, गांगुली १२८ अशी शतके झाली, भारताने ८ बाद ६२८ वर डाव सोडला आणि सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला. दुसऱ्या डावात बांगर यांनी दोन बळीही मिळविले.

या ६८ धावा तीन शतकांहून थोर होत्या, असे काही लेखक म्हणतात. आमचे मत तसे नाही. त्या सकाळी खरा अवघड खेळ द्रविड खेळले, आणि सामन्याचा मानही त्यांनाच मिळाला तो योग्यच होता. बांगर यांचे काम निराळे होते. नवा चेंडू जुना होईपर्यंत एक टोक अडवून धरावयाचे, सोडण्यासारखा चेंडू सोडावयाचा, आणि समोरच्यास निश्चिंतपणे खेळू द्यावयाचे. कीर्तनात टाळकरी ध्रुपद धरून उभा राहतो म्हणून बुवांना आख्यान रंगविता येते. परंतु त्यासाठी टाळकऱ्यास बुवा म्हणण्याची गरज नसते. त्याचा ताल चुकला की नाही, एवढेच पाहावयाचे. हेडिंग्लेस ताल चुकला नाही.

न्यूझीलंडमध्ये मात्र चुकला. डिसेंबर २००२ मधील त्या दोन कसोट्यांत खेळपट्ट्या इतक्या हिरव्या होत्या की भारताचा एकही डाव १६१ च्या वर गेला नाही. हॅमिल्टनला भारताचा पहिला डाव ९९ वर, तर यजमानांचा ९४ वर आटोपला. तेथे मोठमोठे पडले. परंतु मोठ्यांस दुसरी संधी असते, राखिवास नसते. हॅमिल्टनची ती कसोटी बांगर यांची बारावी आणि अखेरची ठरली. पुढील ऑक्टोबरात सेहवागांच्या जोडीस आकाश चोप्रा आले, म्हणजे तशाच संयमी वृत्तीचा दुसरा गडी. निवड समितीस ते काम नकोसे झाले नव्हते. ते करणारा माणूस तेवढा बदलला. यास कठोरपणा म्हणावे. अन्याय म्हणवत नाही.

नंतर दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषक आला. पंधरांत बांगर होते. भारत अकरा सामने खेळला, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि अकरांपैकी एकाही सामन्यात बांगर यांस उतरावयास मिळाले नाही. अजित आगरकर आणि पार्थिव पटेल यांचीही तीच गत झाली. याचे कारण आकसात नाही, संघाच्या रचनेत आहे. यष्टीमागे द्रविडांस उभे केल्यामुळे एक जास्तीचा फलंदाज घेता आला. आणि पाचव्या गोलंदाजाची षटके सेहवाग, तेंडुलकर, युवराज, मोंगिया यांनी वाटून घेतली. थोडी फलंदाजी व थोडी गोलंदाजी करणाऱ्या गड्यास त्यात फटच उरली नाही. बेसबॉलमध्ये राखीव गडी भर डावात मैदानावर येऊ शकतो, म्हणून प्रत्येक संध्याकाळी त्यास आशा असते. त्या काळच्या क्रिकेटात ती नाणेफेकीबरोबर संपे; बारावा गडी क्षेत्ररक्षणास येई, त्यास फलंदाजी-गोलंदाजी करता येत नसे. आम्ही मात्र रोज सकाळी वृत्तपत्रातील अकरा नावे प्रथम वाचीत असू, आणि बाराव्याकडे वळत असू.

त्या अकरा दिवसांत हा मनुष्य काय करीत होता? नेटमध्ये कोणास गोलंदाजी करीत होता, कोणते चेंडू टाकीत होता, कोणत्या सामन्याच्या आदल्या रात्री उद्या आपली पाळी येईल असे त्यास खरोखर वाटले होते? २०१४ ते २०१९ या काळात भारतीय संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी इतरांच्या सरावाकडे पाहण्यातच दिवस घालविले. तेव्हा या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याजवळ बारकाव्यांसह असतील. उपेक्षिताचा कळवळा घेऊन लिहिणाऱ्यांपैकी कोणी तरी त्यांच्यापुढे बसावे, ६८ चा विषय बाजूस ठेवावा, आणि हे विचारावे.