मरीआईचा गाडा आणि साथरोगाचा कायदा

साथीच्या रोगांना तोंड देण्याची शासनाची तयारी हा वाङ्मयीन नियतकालिकाचा विषय नव्हे, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. कायदा, परिपत्रक, आदेश हेही लेखनच असते आणि आपल्या माणसांच्या जगण्यामरण्यावर कवितेपेक्षा त्याचाच परिणाम अधिक होतो. मी अमळनेरला महाविद्यालयात मराठी शिकवतो. वाक्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण, हे विद्यार्थ्यांना रोज विचारतो. तोच प्रश्न १८९७ च्या साथरोग कायद्याला विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

कायद्याआधी गाड्याविषयी सांगितले पाहिजे. माझी आजी बोरीकाठच्या एका खेड्यातली. ती सांगायची, पटकी आली की गावात मरीआईचा गाडा निघे. लाकडाच्या लहानशा गाड्यात देवी बसवायची, हळदकुंकू, लिंबू, नारळ ठेवायचे आणि तो गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पूजा सारा गाव करी; गाडा ओढण्याचे काम मात्र महारामांगांचे. पुढच्या गावचे लोक काठ्या घेऊन आपल्या शिवेवर उभे असत, कारण गाडा म्हणजे रोग. ज्या पाण्यातून पटकी येई, ते पाणी मात्र तसेच राही. आजी अहिराणीत म्हणायची, ‘गाडा आपलेच वढना पडस.’

गावाच्या या तयारीत तीन गोष्टी होत्या. रोग शिवेबाहेर ढकलायचा, ते काम जन्माने ठरलेल्या माणसांकडून करून घ्यायचे आणि मूळ कारणाला हात लावायचा नाही. याला आपण अंधश्रद्धा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण छापील कागदावरच्या तयारीत या तीनपैकी कोणती गोष्ट बदलली, हे कोणी पाहायचे?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर ते हवे ते तात्पुरते नियम करील, प्रवाशांची तपासणी करील, संशयितांना वेगळे ठेवील. जो नियम मोडील त्याला शिक्षा होईल. आणि सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही. या मजकुरात कर्ता आहे सरकार आणि कर्म आहे प्रजा. ‘धोकादायक साथरोग’ कशाला म्हणावे, हे कायदा सांगत नाही. रोग्याला औषध, अलग ठेवलेल्याला अन्न, बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि वस्तीला स्वच्छ पाणी देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे एकही वाक्य त्यात नाही.

हाच कायदा महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी लागू केला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा ठरली. हे आवश्यकच होते. पण दुरुस्तीने दिलेले संरक्षण माणसाच्या हातापासूनचे आहे, रोगापासूनचे नाही. हातमोजे, मुखपट्टी, वेतन यांविषयी ती काही बोलत नाही. डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय आणि समाजात काम करणारे आरोग्यसेवक यांची तीत गणना आहे; सफाई कामगार नावाने नाही. शासनाने जाहीर केले तर तो त्यात येईल. म्हणजे त्याचे असणे पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर. हा कायदा आजच्या साथींना पुरा पडत नाही, हे विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या आपल्या २८६ व्या अहवालात मान्य केले. सव्वाशे वर्षांनी का होईना!

कायदा झाला त्याच महिन्यांत पुण्यात साथीला दोन उत्तरे दिली गेली. एक रँडचे. सैनिक घरात शिरत, माणसे बाहेर काढत, सामान जाळत. दुसरे सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांचे. त्यांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग म्हटला की आपल्या शिक्षित समाजाला २२ जूनच्या गोळ्या प्रथम आठवतात, ती पाठ नंतर. साम्राज्याच्या जुलमाविरुद्धचा राग खरा होता. परंतु साथीला उत्तर कसे द्यावे, याचा धडा त्या पाठीने दिला. माणसाला वस्तीतून हाकलायचे नाही, उचलून उपचारापर्यंत न्यायचे, हा तो धडा.

रोग जात पाहत नाही, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची समाजवार नोंद केली होती. दर हजारी युरोपीय ८.३, सवर्ण हिंदू १८.९ आणि खालच्या मानलेल्या जातींचे हिंदू ६१.६. जंतूला जात कळत नव्हती. परंतु खोलीत किती माणसे झोपतात, पोटात काय आहे, आजारी पडल्यावर घरी बसता येते की नाही, हे जातीने ठरवले होते. ही नोंद तरी झाली, म्हणून आज आपण बोलू शकतो. २०२० मध्ये वय, लिंग, जिल्हा रोज सांगितले गेले. मृताचा धंदा कोणता, वस्ती कोणती, हे रोजच्या आकड्यांत कोठे होते?

आणि गाडा पुन्हा निघालाच. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही मध्य प्रदेशातली माणसे आमच्या जिल्ह्यातल्या भुसावळला गाडी मिळेल म्हणून पायी निघाली होती. जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या वृद्धेचा देह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींचे निलंबन झाले. निलंबनाने एका प्रकरणाचा निकाल लागतो. पण स्वच्छतागृहात रोज जाणारे माणूस हे रुग्णालयाच्या तयारीतले पहिले माणूस आहे, हे त्यातून कोण शिकले?

त्या उन्हाळ्यात माझी आई एका गावी ठेक्यावर झाडूकाम करीत होती. बाधित घरांचा कचरा तिच्याकडे होता. हातमोज्यांची एक जोडी मिळाली होती. ती रोज धुऊन दोरीवर वाळत घालायची. २२ मार्चला गल्लीने थाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनेही हौसेने वाजवली. पुढे तिला ताप आला. ठेकेदाराच्या हजेरीपटावर आठ खाडे पडले आणि आठ दिवसांची मजुरी गेली. नवव्या दिवशी, अंगात त्राण नसताना, ती कामावर गेली. मी प्राध्यापक, घरी बसून वर्ग घेत होतो. ‘आई, जाऊ नकोस,’ म्हणालो. ती म्हणाली, ‘मग जागा जाईल, बाबा.’ आमच्या घरातली पदवी तिच्या त्या जागेवर उभी आहे, हे मी विसरू शकत नाही.

याचा संबंध तयारीशी थेट आहे. साथ ओळखायची तर तापाची पहिली नोंद व्हावी लागते. रोगसर्वेक्षणाचा कार्यक्रम देशात २००४ पासून आहे. उपकेंद्राची सेविका लक्षणे नोंदवते, डॉक्टर संशयित रुग्ण कळवतो, प्रयोगशाळा निदान. रचना चांगली आहे. पण ज्याला खाड्याची भीती आहे तो ताप लपवतो, गोळी घेऊन कामावर जातो आणि कोणत्याच नोंदीत येत नाही. आजारपणाची भरपगारी रजा ही म्हणूनच कामगाराची सवलत नव्हे. तो सर्वेक्षणाचा पहिला भाग आहे. पाण्याचेही तेच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलेन-बारेचे रुग्ण वाढले, तेव्हा चौकशी पुन्हा पिण्याच्या पाण्यापाशीच आली. साथीचा आरंभ बहुधा नळापाशी असतो आणि आपला आदेश निघतो नाक्यावर.

आता थोडे आपल्याविषयी. दलित आत्मकथनांनी मरीआई, पोतराज, पटकी यांचे जग मराठीत आणले. ते वाचून टाळ्याही पडल्या. पण ते जग भूतकाळात जमा झाले, अशी सोय वाचकाने करून घेतली आणि आपणही ती मोडली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही, अशी दोन्ही संमेलने भरली. मी दोन्ही मंडपांत बसलो. संध्याकाळी मंडप झाडणाऱ्या बायांकडे पाहताना वाटले, यांचा हजेरीपट हीदेखील एक संहिता आहे. तिची समीक्षा कोण करणार?

कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आपल्या गावापासून आरंभ करावा. नगरपालिकेत ठेक्यावर किती सफाई कामगार आहेत, त्यांना काय साधने मिळतात, आजारपणात मजुरी मिळते का, वस्तीच्या पाण्याची तपासणी शेवटची केव्हा झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. मिळालेले उत्तर वस्तीत वाचून दाखवावे. नवा कायदा होईल तेव्हा त्यात ‘सरकार करील’ या क्रियापदापुढे आपल्या माणसांचा हक्क लिहिलेला असला पाहिजे.

पुढची साथ येईलच. तेव्हा ज्यांनी आजवर गाडा ओढला त्यांनी शिवेवर थांबून विचारावे, पाणी कोणी पाहिले? उत्तर मिळेपर्यंत गाडा जागचा हलता कामा नये.