पंधरा राजे आणि एक पाहुणा

इंग्लंडमध्ये येऊन तुम्हाला दहा-बारा वर्षं झाली असतील, तर दोन-चार कथीड्रलं तुम्ही पाहिली असणारच. भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना नेतो, तिकीट काढतो, मान वर करून छत बघतो, फोटो काढतो आणि बाहेर येऊन बाकावर डबा उघडतो. मीही इतकी वर्षं तेच केलं. गेल्या नोव्हेंबरात मात्र यॉर्क मिन्स्टरमध्ये संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला, म्हणजे ‘इव्हनसाँग’ला, पहिल्यांदाच जाऊन बसलो. प्रार्थनेला तिकीट नसतं. त्या पाऊण तासाबद्दल एखाद्या मैफलीबद्दल लिहावं तसं लिहितो आहे. श्रद्धेबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण ही एक बांधलेली रचना आहे, आणि रचनेबद्दल बरंवाईट बोलता येतं.

बांधणारा माणूस आर्चबिशप टॉमस क्रॅनमर. मठांमधल्या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या दोन लॅटिन प्रार्थनांतून त्याने १५४९च्या प्रार्थनापुस्तकात एकच इंग्रजी प्रार्थना केली. १६६२चं सुधारलेलं पुस्तक आजही वापरात आहे. बीबीसी १९२६पासून रेडिओवरून इव्हनसाँग ऐकवते आहे. म्हणजे हे जुनं पीक अजून शेतात उभं आहे.

तुम्ही गेलात तर पहिली अडचण पायांची होईल. चपला काढायच्या नाहीत, हे माहीत असूनही पाय अडखळतात. मग कोणीतरी हातात पत्रक देतं आणि दगडी पडद्याच्या आतल्या भागात, गायकांच्या शेजारच्या लाकडी आसनांवर बसवतं. पत्रकात कधी उभं राहायचं, कधी बसायचं, सगळं छापलेलं असतं. माझ्या मते, हे पत्रक म्हणजेच या प्रार्थनेचा सर्वांत मोठा सद्गुण. पाहुण्याला काही येत नाही, हे गृहीत धरलेलं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलून दाखवत नाही.

गायक दोन बाजूंना समोरासमोर उभे असतात. एक बाजू स्तोत्राचा एक श्लोक म्हणते, दुसरी पुढचा. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन ओळी चरण कसे वाटून घेतात ते ज्याने पाहिलं आहे, त्याला इथे परकं वाटायचं कारण नाही. चालही तशीच साधी: बरेचसे शब्द एका सुरावर, आणि ओळीच्या शेवटी छोटंसं वळण. प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांना सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत. तारखेला येईल ते म्हणायचं, मग ते आपल्या मनाला लागू पडो वा न पडो. पंधराव्या संध्याकाळी ७८वं येतं, तब्बल ७३ श्लोकांचं. अनेक ठिकाणी हल्ली काटछाट करतात. मला ती पटत नाही. लांबी हाच त्या नेमाचा अर्थ आहे; हरिपाठ कोणी निम्म्यावर सोडत नाही.

आता तक्रार. इव्हनसाँगच्या मध्यभागी मरियेचं गीत असतं, लूकच्या शुभवर्तमानातलं. एक गरीब, गरोदर मुलगी म्हणते की देवाने बलाढ्यांना सिंहासनांवरून खाली ओढलं आणि भुकेल्यांना जेवू घातलं. त्या दिवशी स्टॅनफर्डची १८७९ची चाल होती. प्रसन्न, गोड, झुलती. इतकी गोड, की सिंहासनं पडल्याचा आवाज कोणाच्या कानावर जाऊ नये. आणि त्या दगडी पडद्यावर उभे कोण? पहिल्या विल्यमपासून सहाव्या हेन्रीपर्यंत इंग्लंडचे पंधरा राजे! थोड्या वेळाने राजासाठी प्रार्थनाही होते. ही विसंगती शतकानुशतकं रोज गायली जाते आणि कोणाला खुपत नाही. सुंदर गायनाचा हा धोका आहे. आपल्याकडेही ‘नाही रे’ वर्गाच्या संतांचे अभंग एसी सभागृहात ऐकून आपण वा वा करतोच.

या इमारतीला एक टोकाचा टीकाकार भेटला होता. १ फेब्रुवारी १८२९ला जोनाथन मार्टिन नावाचा माणूस इव्हनसाँगला बसला, ऑर्गनच्या घरघरीने भडकला, रात्री आतच लपून राहिला आणि त्याने आग लावली. या भागाचं लाकूडकाम जळून गेलं. आपण बसतो ती आसनं नंतरची. मी तक्रार लिहून थांबतो.

खरी कसोटी पुढे येते. सगळे उठतात आणि ‘माझा विश्वास आहे’ अशी कबुली देऊ लागतात. बाकी सगळं गायकांवर सोडता येतं, हे येत नाही. मी उभा राहिलो, पण ओठ मिटून. आपली आरती असं काही वदवून घेत नाही. हात जोडा, प्रसाद घ्या, संपलं. म्हणून आपण स्वतःला फार मोकळ्या मनाचे समजतो. पण शेजारच्या बाईंनी माझ्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात पाद्रींनी ‘शुभ रात्री’ म्हटलं आणि दुसरं काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी उत्साहाने दुसऱ्या एका चर्चमध्ये गेलो. तिथे गिटार होती, पडद्यावर शब्द होते, कॉफी होती. ‘आज पहिल्यांदा आलेल्यांनी उभं राहावं’ असं सांगितलं गेलं आणि टाळ्या पडल्या. माणसं प्रेमळ होती, यात शंका नाही. पण मिन्स्टरमध्ये मी पाहुणा होतो, इथे मी बातमी झालो. उलट बाजूही सांगायला हवी: मिन्स्टरमध्ये मी रडत बसलो असतो तरी कोणी विचारलं नसतं. इथे विचारलं असतं.

पाहुण्याच्या भाषेत बोलण्याचा तिसरा मार्ग मराठीने पाहिलेला आहे. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९मध्ये गोव्याला आले आणि त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत लिहिलं. पुढे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं अभंगाच्या वाटेने नेली. दोघांनीही समोरच्याची चाल आधी शिकून घेतली.

आणि आपण? गेल्या गणपतीत आमच्या मंडळात माझी इंग्रज शेजारीण आली होती. आरती सुरू झाली तेव्हा ती मागे, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभी होती. तिने मला विचारलं, ‘मी टाळ्या वाजवल्या तर चालेल का?’ मी नैवेद्याच्या गडबडीत मान हलवली आणि पुढे गेलो. पत्रक नव्हतं, शेजारी कोणी उभं नव्हतं. यंदा मंडळाच्या बैठकीत एक पानाच्या पत्रकाचा विषय मी काढणार आहे: कधी उभं राहायचं, टाळी कधी, प्रसाद कोणत्या हाताने. तुमच्या मंडळात असं काही असेल तर जरूर कळवा.