गरोदरपणातील आहार आणि श्रम : डॉ. शोभा राव यांच्या संशोधनाचा चिकित्सक परामर्श

प्रस्तावना :
गरोदर स्त्रीच्या पोषणाचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ उष्मांक व प्रथिने यांच्या मोजमापातच होत आला. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'पुणे माता पोषण अभ्यासा'ने या दृष्टीला धक्का दिला. त्यातील आहारविषयक विश्लेषण आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्ये प्रसिद्ध केले. प्रस्तुत लेखात त्या शोधनिबंधाचा व २००३ मधील पूरक निबंधाचा एकत्रित विचार केला आहे.

आहार :
या अभ्यासात ७९७ मातांचा आहार १८ व्या व २८ व्या आठवड्यात नोंदविण्यात आला. १८ व्या आठवड्यात त्यांना दररोज सरासरी सुमारे १७७० कॅलरी व ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २६६५ ग्रॅम होते. उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या आकारमानाशी संबंध आढळला नाही. दूध, पालेभाज्या व फळे यांचा मात्र ठळकपणे आढळला. 'किती खाल्ले' याइतकाच 'काय खाल्ले' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे या निबंधाचे मोठे योगदान होय. तथापि हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यातून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. 'पोटभर जेवण मिळाले नाही तरी चालेल' असा अर्थ त्यातून काढणे तर सर्वस्वी चुकीचे ठरेल.

हीच कल्पना मुंबईच्या वस्त्यांत प्रत्यक्ष प्रयोगाने तपासली गेली. पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ स्त्रियांना दररोज दिला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण गटात जन्मवजनात निर्णायक वाढ दिसली नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या स्त्रियांत ती दिसली. म्हणजे गरोदरपणाची नोंद झाल्यावर दिलेला सल्ला बहुधा उशिराचा ठरतो.

श्रम :
२००३ च्या निबंधात डॉ. राव यांनी त्याच स्त्रियांच्या शारीरिक कष्टांचे मोजमाप केले. अधिक कष्ट करणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन व डोक्याचा घेर कमी आढळला. खेदाची बाब अशी की, पहिल्या निबंधातील पालेभाजी आपल्या आरोग्यशिक्षणात सहज सामावली; दुसऱ्यातील विहिरीवरून वाहिलेले पाणी मात्र दुर्लक्षित राहिले. कारण उघड आहे. भाजी खाण्याचा सल्ला एकट्या स्त्रीला देता येतो. कष्ट कमी करायचे तर घराला व मालकालाही बदलावे लागते.

निष्कर्ष :
हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानालगतच्या मारुंजीसारख्या गावांत आज शेताच्या जागी गृहसंकुले उभी राहत आहेत. शेत गेले की बांधावरची भाजी विकतची होते. बांधकामावरील वा धुण्याभांड्यांचे श्रम मात्र उरतातच. त्यामुळे शेतकरी कुटुंबांवरील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, परंतु डॉ. राव यांची पद्धती अवश्य स्वीकारता येईल. आपल्या महाविद्यालयांतील गृहविज्ञान व समाजशास्त्र विभागांनी अशा वस्त्यांत संयुक्त पाहणी हाती घ्यावी आणि गरोदर स्त्रीला 'काय खाल्ले?' यासोबत 'दिवसभर काय उचलले?' हेही विचारावे.